तीन खुंटांवरचा आरोप

मागच्या हिवाळ्यात एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी श्रोत्यांत बसलो होतो. विषय होता प्रवासवर्णनांचा. वक्ते अभ्यासू होते, बोलतही छान होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी श्रोत्यांना विचारले, “इंग्रजीतला ‘ट्रॅव्हल’ हा शब्द कशावरून आला, माहीत आहे?” आणि मग स्वतःच सांगितले, की लॅटिनमध्ये ‘ट्रिपॅलियम’ नावाचे छळाचे एक साधन होते, तीन खुंटांचे. त्यावरून फ्रेंच ‘त्राव्हाय’, त्यावरून इंग्रजी ‘ट्रॅव्हेल’ म्हणजे कष्ट, वेदना, आणि त्यावरून ‘ट्रॅव्हल’. “आणि आपल्याकडे? यात्रा, वारी, तीर्थाटन! शब्दच साक्ष देतात. त्यांना प्रवास ही यातना, आपल्याला ते पुण्य.” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी वहीत ‘तीन खुंट’ असे लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली.

त्या रेघेमुळेच हा लेख लिहायला बसलो आहे. हा समज एकट्या त्या वक्त्यांचा नाही. इंग्रजी प्रवासपुस्तकांच्या प्रस्तावनांत, वर्तमानपत्री सदरांत, व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या ‘शब्दांच्या गमती’त तो सर्रास सापडतो, आणि इंग्रज लेखकांनीच तो आधी पसरवला आहे. खंडन करायचे तर पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. तो असा : शब्दाच्या मुळात त्या समाजाचे मन गोठलेले असते. इंग्रजीतल्या भटकंतीच्या शब्दांची मुळे पाहिली, तर तिथे छळ, चूक आणि संशय सापडतात. म्हणून फिरणाऱ्या माणसाविषयी इंग्रजांच्या मनात जो तिटकारा दिसतो, तो त्यांच्या भाषेच्या मुळातूनच आला आहे.

यातला तिटकारा खरा आहे. तो मुळातून आला, हे मात्र खरे नाही.

आधी त्या तीन खुंटांकडेच जाऊ. ‘ट्रिपॅलियम’ हा शब्द ‘ट्रेपॅलियम’ अशा रूपात सहाव्या शतकातल्या एका चर्च-परिषदेच्या नियमात येतो. गुन्हेगारांना जिथे यातना दिल्या जातात तिथे धर्मगुरूंनी उभे राहू नये, असा तो नियम. म्हणजे शब्द होता आणि छळाशी त्याचा संबंधही होता. पण फ्रेंचमध्ये ‘त्राव्हाय’ म्हणजे जनावराला नाल ठोकताना ज्यात अडकवून उभे करतात तो खांबांचा सांगाडासुद्धा. आपल्याकडे बैलाला आडवा पाडून, पाय दोरखंडाने जखडून नाल मारतात. तिकडे त्याला या चौकटीत उभा करतात. त्या खुंटांशी आधी जनावर बांधले गेले की माणूस, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि मुळात ‘त्राव्हाय’ त्या खुंटांपासूनच आला का, अशी शंका घेणारेही आहेत. पण घटकाभर मान्य करू, की आला तिथूनच.

मग पुढे काय झाले? फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ छळ, मग कष्ट, मग नुसते काम असा सौम्य होत गेला. आज पॅरिसमधला माणूस रोज सकाळी ‘त्राव्हाय’ला जातो, म्हणजे कामावर जातो. स्पॅनिश ‘त्राबाहो’ आणि पोर्तुगीज ‘त्राबाल्यु’ यांचाही अर्थ काम हाच. इंग्रजीत तो शब्द नॉर्मन फ्रेंचांबरोबर आला तो कष्ट या अर्थाने. बाळंतपणाच्या कळांनाही तोच शब्द लागला. चौदाव्या शतकाच्या सुमारास तो कष्टाच्या वाटचालीलाही लागू लागला. बरीच शतके दोन्ही अर्थ आणि दोन्ही स्पेलिंगे एकमेकांत मिसळलेली होती. पुढे ती वेगळी झाली. वेदना एका स्पेलिंगकडे राहिली, वाटचाल दुसऱ्याकडे गेली, आणि वाटचालीच्या शब्दातून वेदना गळून पडली.

आता पूर्वपक्षाची कसोटी पूर्वपक्षालाच लावून पाहा. मूळ म्हणजे मन असेल, तर फ्रेंच माणसाला कचेरी हे छळघर वाटत असले पाहिजे. आणि प्रवासाला त्याच फ्रेंचांचा शब्द कोणता? ‘व्होयाज’. इंग्रजीत तो ‘व्हॉयेज’ झाला. त्याचे लॅटिन मूळ ‘व्हियाटिकुम’, म्हणजे वाटखर्ची. आपण शिदोरी म्हणतो तीच. संस्कृतात त्याला ‘पाथेय’ म्हणतात. वाटेसाठी बांधून घेतलेल्या भाकरीवरून सबंध प्रवासालाच नाव पडले. मग इंग्रजांच्या मनात प्रवास म्हणजे खुंट की शिदोरी? दोन्ही शब्द एकाच भाषेत शेजारी नांदत आहेत. तिसराही आहे, आणि तो या दोघांहून जुना, इंग्रजीच्या स्वतःच्या घरातला : ‘फेअर’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जाणे, वाट चालणे. निरोप देताना ‘फेअरवेल’ म्हणतात ते ‘नीट जा’ या अर्थाने, आणि ‘वेलफेअर’ म्हणजे मुळात नीट चाललेले असणे. आपण ‘कसं चाललंय?’ विचारतो आणि समोरचा ‘चाललंय’ म्हणतो, तीच ही कल्पना. चालणे हेच जगणे. तीन खुंटांची गोष्ट सांगणारे या शब्दाकडे वळत नाहीत, कारण तो त्यांच्या सिद्धान्तात बसत नाही.

आता आपल्या घरात पाहू, कारण टाळ्या पडल्या त्या तिथल्या वाक्यावर. ‘प्रवास’ हा शब्द ‘प्र’ आणि ‘वस्’ यांतून आला आहे. मूळ अर्थ घरापासून दूर राहणे. संस्कृत काव्यशास्त्रात ‘प्रवास’ हा विरहाचा एक प्रकार आहे, आणि नवरा परगावी गेलेली स्त्री ‘प्रोषितभर्तृका’, तीही याच धातूतली. इथवर ठीक. पण याच धातूचे प्रयोजक रूप ‘प्रवासन’ म्हणजे हद्दपार करणे. अमरकोशात तर ‘प्रवासन’ हा शब्द वधाच्या समानार्थी शब्दांच्या यादीत बसला आहे. ‘निर्वासित’ आणि ‘प्रवासी’ ही एकाच ‘वस्’ची लेकरे. ‘यात्रा’ म्हणाल, तर राजाने शत्रूवर केलेली स्वारी हाही तिचा संस्कृतातला पक्का अर्थ आहे. मग उद्या एखाद्या इंग्रज वक्त्याने व्यासपीठावरून सांगितले, की भारतीयांना प्रवास म्हणजे खून आणि यात्रा म्हणजे आक्रमण, शब्दच साक्ष देतात, तर आपण टाळ्या वाजवू का? आपण म्हणू, अहो, सुट्टीत महाबळेश्वरला निघालेल्या माणसाच्या मनात अमरकोशातला वध कुठून येईल? हे उत्तर बरोबर आहे. फक्त तेच उत्तर इंग्रजालाही द्यायला हवे.

‘एरर’ची गोष्ट अशीच. लॅटिन ‘एर्रारे’ म्हणजे भटकणे आणि चुकणेही, म्हणून पाश्चात्त्य मनाला भटकणे ही चूक वाटते, असे सांगितले जाते. मग ‘भ्रम्’ धातूचे काय करायचे? भ्रमण, भ्रमंती, फुलाफुलांवर फिरणारा भ्रमर, आणि त्याच धातूतले भ्रम, संभ्रम, विभ्रम. फिरणे आणि फसणे आपल्याकडेही एकाच धातूत आहे. वाट सोडली की चुकण्याची शक्यता असते, हे दोन्हीकडच्या माणसांना अनुभवाने ठाऊक होते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ‘नाइट एरंट’ म्हणजे फिरस्ता सरदार, त्याला चुकलेला सरदार समजणे हीच चूक आहे. जुन्या फ्रेंचमध्ये प्रवास करणे या अर्थाचे ‘एरे’ हे वेगळे क्रियापद होते. ते ‘इटेर’ म्हणजे वाट या लॅटिन शब्दापासून आले. उच्चार सारखे झाल्यामुळे ते चुकण्याच्या क्रियापदात मिसळून गेले. दोन नद्यांचा संगम झाल्यावर पाणी एका नदीच्या नावावर लावावे, तसे हे झाले.

हा वाद आपल्याकडे नवा नाही, हे मला फार मोलाचे वाटते. यास्काचार्यांच्या निरुक्तात तो येतो. सगळी नामे धातूंपासून आली, असे म्हटल्यावर आक्षेपक विचारतो : ‘अश्व’ शब्द वाट व्यापण्यावरून आला म्हणता, तर जो जो वाट व्यापील त्याला अश्व म्हणावे लागेल. ‘तृण’ टोचण्यावरून आले, तर टोचणारे सगळे तृणच ठरेल. यास्कांचे उत्तर असे, की तीच क्रिया करणाऱ्यांपैकी काहींनाच नाव मिळते, सर्वांना नाही, हे आपण पाहतोच. उदाहरणादाखल त्यांनी घेतलेल्या शब्दांत ‘परिव्राजक’ आहे. फिरतो तो प्रत्येक जण परिव्राजक नसतो. भटकंतीवरच्या शब्दांचा वाद चालू असताना इतक्या जुन्या ग्रंथात नेमका हाच दाखला भेटावा, याचा मला आनंद झाला. पुढे आपल्या शास्त्रकारांनी असाच पक्का दंडक केला, की योगापेक्षा रूढी बलवान. शब्दाचे घटक काय सांगतात यापेक्षा लोक तो कसा वापरतात, त्याला वजन जास्त. ज्या परंपरेचा अभिमान त्या व्याख्यानात मिरवला गेला, तिनेच हा निवाडा कधीचा देऊन ठेवला आहे.

मूळच खोटे असले, तर गोष्ट आणखी बिघडते. ‘सॉन्टर’ म्हणजे रमतगमत हिंडणे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात त्याची व्युत्पत्ती ‘सेंट तेर’, म्हणजे पवित्र भूमी, अशी दिली. पवित्र भूमीला जातो असे सांगून गावोगाव भीक मागणाऱ्या आळशी लोकांवरून हा शब्द आला, असे त्याचे म्हणणे. १८६२मध्ये, हेन्री डेव्हिड थोरोच्या मृत्यूनंतर लगेच, त्याचा ‘वॉकिंग’ हा निबंध छापून आला. त्यानेही हीच व्युत्पत्ती घेतली, पण अर्थ उलटा काढला : जे चालता चालता खरोखर त्या पवित्र भूमीकडे जातात, तेच सच्चे हिंडणारे. एकच मूळ. एकाला त्यात लबाड भिकारी दिसले, दुसऱ्याला यात्रेकरू. आणि मूळ तर मुळातच टिकत नाही. पंधराव्या शतकात त्या शब्दाशी मिळताजुळता जो शब्द सापडतो, त्याचा अर्थ विचारात गुंगणे असा आहे. हिंडण्याचा अर्थ सतराव्या शतकातला, म्हणजे धर्मयुद्धे संपून किती पिढ्या लोटल्यावरचा. ‘रोम’ म्हणजे भटकणे हा शब्द रोम शहराच्या यात्रेवरून आला, असेही सांगतात. तेही कोशकारांनी नाकारले आहे. मला थोरोचा तो निबंध आवडतो. पण व्युत्पत्ती आवडली म्हणून ती खरी ठरत नाही.

याहून ठसठशीत दाखला ‘जिप्सी’चा. हा शब्द ‘इजिप्शियन’चा अपभ्रंश. युरोपात आलेले हे लोक इजिप्तचे, असा समज झाला, आणि इंग्लंडने १५३०मध्ये त्यांना हुसकावणारा कायदा केला तोही ‘इजिप्शियन्स’ या नावानेच. पण त्यांची रोमानी भाषा भारतीय आर्यभाषाकुळातली. त्यांचे आकडे मोठ्याने वाचून पाहा : दुइ, त्रिन, श्तार, पांज. मराठी कानाला हे आकडे परके वाटणारच नाहीत. शब्दाचे मूळ इजिप्तकडे बोट दाखवते आणि माणसे भारतातून गेलेली. या शब्दात त्या लोकांविषयी काहीच नाही. त्यांना न ओळखणाऱ्यांविषयी मात्र पुष्कळ आहे.

मग तिटकारा आला कुठून? मला वाटते, तो शोधायचा तर व्युत्पत्तिकोश मिटून कायद्याची पुस्तके उघडली पाहिजेत. ‘व्हेग्रंट’ या शब्दाचे मूळ बहुधा नुसते फिरणे, हिंडणे एवढेच, त्यात डाग नाही. डाग कायद्याने लावला. प्लेगच्या साथीत माणसे मेली, मजूर दुर्मिळ झाले, तेव्हा १३५१मध्ये इंग्लंडच्या राजवटीने मजुरांची मजुरी आणि त्यांची ये-जा दोन्ही कायद्याने बांधली. जादा मजुरीच्या गावाकडे निघालेला माणूस गुन्हेगार ठरू लागला. १५४७च्या कायद्याने तर काम न करता फिरणाऱ्याच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘व्ही’ हे अक्षर डागून त्याला दोन वर्षे गुलाम करायची मुभा दिली. तो कायदा तीन वर्षांत रद्द झाला. पण त्या अक्षराने शब्दाचा जो अर्थ केला, तो कुठल्याही लॅटिन धातूने केला नव्हता.

पुढचा प्रवास मी थोडा सावकाश सांगतो, कारण तो आपल्या दारापर्यंत येतो. नेपोलियनच्या लढाया संपल्यावर नोकरीतून सुटलेले सैनिक आणि बेकार माणसे इंग्लंडच्या रस्त्यांवर आली. १८२४मध्ये नवा व्हेग्रन्सी ॲक्ट झाला. उघड्यावर, तंबूत, गाडीत किंवा एखाद्या कोठारात झोपणारा, उपजीविकेचे डोळ्यांना दिसेल असे साधन नसलेला आणि स्वतःविषयी समाधानकारक खुलासा न देणारा फिरता माणूस त्यात गुन्हेगार ठरला. ‘दिसेल असे साधन’ हे शब्द लक्षात ठेवा. १८७४मध्ये हिंदुस्थानात युरोपियन व्हेग्रन्सी ॲक्ट आला. तो गोऱ्या लोकांसाठी होता : जहाजांवरून उतरलेले खलाशी, नोकरी गेलेले शिपाई. त्यातल्या व्याख्येतही नोकरीवाचून आणि दिसेल अशा साधनावाचून हिंडणे हेच शब्द. त्याआधी तीनच वर्षे, १८७१मध्ये, क्रिमिनल ट्राइब्स ॲक्टने इथल्या अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. त्यांत फिरस्त्या जमाती पुष्कळ होत्या. तो कायदा १९५२मध्ये उठला. ‘विमुक्त’ हा शब्द त्यानंतरचा, आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन त्याच सुटकेचा. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला, आणि त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत पुन्हा तेच शब्द येऊन बसले : उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी हिंडणे. हात पसरण्याचीही गरज नव्हती, हिंडताना तसे दिसणे पुरेसे होते. अशा माणसाला वॉरंटावाचून पकडता येई आणि एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येई. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केल्या.

लंडन १८२४, कलकत्ता १८७४, मुंबई १९५९. एक शब्दसमूह तीन राजवटींच्या कागदांतून चालत आला. तो इंग्रज म्हणून जन्मला, गोऱ्या खलाशाला लागला आणि स्वतंत्र भारताच्या विधिमंडळाने आपल्याच माणसांना लावला. ‘त्यांचे मन’ आणि ‘आपले मन’ ही विभागणी इथे कुठे बसवायची? फिरणाऱ्या गरिबाविषयीचा संशय शब्दाच्या मुळात असता, तर तो भाषेची सीमा ओलांडताना गळून पडला असता. तो गळला नाही, कारण तो कलमांत होता.

आजच्या ‘एक्सपॅट’ आणि ‘मायग्रंट’ या वादातही हीच चूक दिसते. गोऱ्यांना एक्सपॅट आणि इतरांना मायग्रंट म्हणतात, ही तक्रार युरोप-अमेरिकेपुरती बरीचशी रास्त आहे. पण उपाय म्हणून ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘पॅट्रिया’ म्हणजे पितृभूमी, तेव्हा सगळेच एक्सपॅट, असे मुळाकडे बोट दाखवले जाते. आखाती देशांतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत सगळ्याच परदेशी कामगारांना एक्सपॅट म्हणतात. रत्नागिरीहून मस्कतला गेलेला वायरमनही त्यात आला. त्या शब्दाने त्याचा पगार वाढला नाही की पासपोर्ट त्याच्या हाती राहील याची हमी मिळाली नाही. फरक करारात आणि व्हिसात आहे. तो शब्दात शोधत बसलो, तर करार तसाच राहील.

व्युत्पत्तीवर माझा राग आहे, असे कोणी समजू नये. उलट माझे तिच्यावर प्रेम आहे, म्हणूनच तिच्याकडून खोटी साक्ष वदवून घेतलेली मला खपत नाही. ती जे सांगू शकते ते फार सुंदर असते. ‘जर्नी’ हा शब्द फ्रेंचमधल्या दिवसावरून आला, म्हणजे एका दिवसात कापायचे अंतर. आपली ‘मजल’ अरबी ‘मंझिल’वरून आली. मुक्कामाला उतरायची जागा, आणि मग दोन मुक्कामांमधली एका दिवसाची वाट. मजल दरमजल चालणाऱ्याला जर्नी शिकवावी लागत नाही. (‘जर्नीमन’ मात्र प्रवासी नव्हे. तो रोजंदारीवरचा कारागीर, कारण तिथे दिवस मजुरीचा मोजला आहे.) ‘सफारी’ हा शब्द रिचर्ड बर्टनच्या पूर्व आफ्रिकेवरील लेखनातून इंग्रजीत शिरला. त्याआधी हाच बर्टन मुंबईच्या पलटणीत होता, मराठीची परीक्षा उत्तीर्ण झाला होता आणि १८५१मध्ये त्याने गोव्यावर पुस्तक लिहिले होते. स्वाहिलीतली ‘सफारी’ आणि आपली ‘सफर’ दोन्ही एकाच अरबी शब्दाच्या लेकी, आपला ‘मुशाफिर’ही त्याच घरातला. ‘ट्रेक’ डच भाषेतल्या ओढण्यावरून आला, दक्षिण आफ्रिकेतल्या बैलगाड्यांच्या तांड्यांतून. शनिवारी रात्री राजगडाच्या पायथ्याला उतरणाऱ्या मुलामुलींना त्या बैलांची आठवण होत नाही, आणि होण्याची गरजही नाही. आणि इंग्रजी ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचा, तसा आपल्या ‘जाणे’चा ‘गेला’ हा संस्कृत ‘या’ धातूचा नव्हे, ‘गम्’चा. दोन भाषांत, एकमेकींना न विचारता, जाण्याच्याच क्रियापदाने दुसऱ्याचा भूतकाळ उसना घेतला. याचा अर्थ काय, असे विचाराल तर अर्थ काहीच नाही. नुसते पाहत राहावे इतके ते छान आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती अनुवादकांना आहे. इंग्रजी कायद्यातल्या ‘व्हेग्रंट’साठी आपण बिनदिक्कत ‘भटका’ लिहितो. सरकारी मसुद्यांत लिहितो, न्यायालयाच्या बातम्यांत लिहितो. महाराष्ट्रात ‘भटक्या जमाती’ हे आज लाखो माणसांचे नाव आहे, त्यांच्या दाखल्यांवरचे, सवलतींच्या अर्जांवरचे, चळवळीने मिळवलेले. १८२४च्या लंडनमधला तो डाग आपल्या हाताने त्या नावावर लावू नका. ज्याला घर नाही त्याला बेघर लिहा, ज्याला आधार नाही त्याला निराधार लिहा. मराठीत हे दोन्ही शब्द आहेत.